एर्विन बुब्लिट्झ कुठला

आपलाच पत्ता कुठे छापलेला दिसला की माणूस आधी त्यातली चूक शोधतो. एर्विन बुब्लिट्झनंही तेच केलं. २९४७, नॉर्थ पंचविसावा रस्ता, मिलवॉकी, विस्कॉन्सिन. चूक एकही नव्हती. पत्त्याच्या वर नाव होतं, मिसेस वर्ना बुब्लिट्झ, आणि नावाच्या वर पाऊण स्तंभाचं पत्र. मार्चमधला शुक्रवार होता. औषधांच्या दुकानात जेवणाचं जे लांबट काउंटर असतं तिथे तो बसला होता, पुढ्यात टोमॅटोचं सूप होतं, बाहेर फुटपाथवर बर्फाचा काळा चिखल झाला होता, आणि पस्तीस सेंट देऊन घेतलेला मासिकाचा ताजा अंक त्यानं नेहमीसारखा शेवटून उघडला होता. वाचकांची पत्रं तो आधी वाचायचा. गोष्टी लिहिणारे पैशासाठी लिहितात, पत्रं लिहिणाऱ्यांना कोणी दमडी देत नाही, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही असं त्याचं मत होतं. त्या मासिकाची जुनी रीत होती की पत्राखाली वाचकाचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता छापायचा, म्हणजे वाचकांना आपसांत लिहिता येईल. वर्नाला ही रीत माहीत असायचं कारण नव्हतं. ती हे मासिक वाचत होती हेच मुळात एर्विनला माहीत नव्हतं.

पत्र असं होतं. ‘संपादक महाशय, तुमचं मासिक माझा नवरा वाचतो. जुने अंक तो तळघरात भट्टीमागच्या खोक्यात ठेवतो आणि मला त्याचा पत्ता नाही असं त्याला वाटतं. सोमवारी कपडे धुताना मी ते वाचते. तुमच्या गोष्टींत दुसऱ्या ग्रहावरचे लोक आपल्यात येऊन गुपचूप राहतात. त्याबद्दल विचारायचं आहे. माझा नवरा विनोद ऐकला की आधी बाकीच्यांकडे बघतो, मग हसतो. पाहुण्यांकडे गेलो की शेजारच्यानं काटा उचलल्याशिवाय हा उचलत नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये आमचा मुलगा पोलिओनं गेला. सहा वर्षांचा होता. दफनाच्या वेळी माझा नवरा लोकांचे चेहरे बघत होता. माझ्या भावानं रुमाल काढला तेव्हा यानंही काढला, आणि घडी न मोडता परत ठेवला. नंतर चर्चच्या तळघरात त्यानं हॅमची दोन सँडविचेस खाल्ली. तो वाईट माणूस नाही. पगार घरी आणतो, शेजारच्या म्हातारीच्या दारातलंही बर्फ काढतो. मला एवढंच विचारायचं आहे, की तिकडून आलेले लोक दुःख कसं करतात? त्यांची काही वेगळी रीत असेल आणि मला ती दिसली नसेल, तर मी त्याला माफ करीन. तो इथलाच असेल तर ते मला जमणार नाही. मार्चअखेर मी ऑशकॉशला बहिणीकडे कायमची राहायला जाणार आहे. त्याआधी कळलं तर बरं. उत्तरासाठी तीन सेंटचं तिकीट जोडलं आहे.’

त्याखाली तिरप्या अक्षरात संपादकाचं उत्तर. ‘बाईसाहेब, नवऱ्याच्या कानामागे हिरवा डाग आहे का तेवढं बघा. असला तर त्याला लगेच आमच्याकडे धाडून द्या, आमचे निम्मे लेखक तिकडचेच आहेत. तिकिटाबद्दल आभारी आहोत.’

एर्विननं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग त्याचा हात कानामागे गेला, हे लक्षात आल्यावर त्यानं तो खाली घेतला आणि चमचा उचलला. सूप निवलं होतं, तरी त्यानं ते संपवलं. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं हे त्याला कळत होतं. पाय लटपटणं, घशात काही अडकणं, जे लोकांना होतं ते. पायरी चुकल्यावर माणूस खालची जमीन यायची वाट बघतो तशी त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. जमीन आली नाही. फक्त मार्चअखेर म्हणजे येत्या बुधवारी, एवढा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला.

‘काय रे, आली का तुझी हिरवी माणसं?’ शेजारच्या स्टुलावर बसत कुबियाक म्हणाला. एर्विनसारखा कुबियाकही गॅस कंपनीत घरोघरचे मीटर वाचायचा, त्याच्याकडे शहराच्या दक्षिणेचा भाग होता. पोलिश माणूस, सहा मुलं, आवाज असा की तीन घरांपलीकडून ऐकू यावा. ‘या महिन्यात कोणाला पकडलंय? पोस्टमनला की पाद्र्याला?’

‘एका नवऱ्याला,’ एर्विन म्हणाला.

‘अरे देवा! मग माझ्या बायकोला दाखवू नकोस. ती म्हणते मी असाच कुठून तरी पडलोय.’ कुबियाक स्वतःच खो खो हसला. काउंटरमागची मुलगी हसली. मग एर्विन हसला, आणि हसता हसता त्याला दिसलं की आपण आधी त्या मुलीकडे पाहिलं होतं.

दुपारचे एकशे दहा मीटर राहिले होते. अंक कोटाच्या आतल्या खिशात घालून तो निघाला. बाजूच्या दारावर थाप मारायची, ‘गॅस!’ म्हणून ओरडायचं, बाई कडी काढते, पायपुसण्यावर बूट घासायचे आणि सरळ तळघरात उतरायचं. एकोणीस वर्षं तो दुसऱ्यांच्या तळघरांत उतरत होता. वरच्या मजल्यावर लोक काय दाखवतात ते पाहुण्यांना माहीत, पण खाली काय ठेवतात ते एर्विनला माहीत होतं. लोणच्याच्या बरण्यांच्या रांगा, बिनवापराचे पाळणे, दोरीवर वाळणारे लंगोट, दारूबंदीच्या काळातली बिअर गाळायची पिंपं. नव्यानं नोकरीला लागला तेव्हा विशीतला एर्विन बॅटरीच्या उजेडात या सगळ्याकडे अभ्यासाच्या पुस्तकासारखा बघायचा. लोक कसे राहतात ते त्याला इथूनच कळलं होतं. वर जाताना बाईला काय म्हणायचं हेही तो असंच शिकला. ‘छान धुतलेत हो कपडे,’ म्हटलं की बायका खूश होतात. मरणाच्या घरी, ‘फार वाईट झालं,’ आणि टोपी काढायची. टोपी काढणं महत्त्वाचं. हे बाकीच्यांना न शिकता येतं अशी त्याची समजूत होती, आणि आपल्याला येत नाही ही गोष्ट त्यानं आजवर कोणाजवळ काढली नव्हती.

म्हणून तर ते मासिक. गोष्टींतल्या उडत्या तबकड्या, किरण आणि युद्धं त्याला पोरखेळ वाटायची, ती पानं तो उलटून टाकायचा. त्याला आवडायची सुरुवात. एक माणूस सकाळी उठतो, आरशापुढे उभा राहून टायची गाठ मारतो, ओठांचे कोपरे वर ओढून बघतो, शेजाऱ्याला ‘काय म्हणताय’ म्हणायची तालीम करतो आणि दार उघडून बाहेर पडतो. कोणालाही संशय येत नाही. ते वाचताना एर्विनच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाला कुठेतरी स्वतःचं असं घर आहे, तिथे त्याला कसली तालीम करावी लागत नाही, आणि एक दिवस तिकडून कोणीतरी त्याला न्यायला येणार आहे, हे त्या गोष्टीत पहिल्यापासून ठरलेलं असायचं. पत्रांच्या पानावर तर टल्सा, फ्रेस्नो, बाल्टिमोर, सगळीकडून लोक लिहायचे की मीही त्यातलाच, मला लहानपणापासून वाटतं मी इथला नाही. एवढे सगळे बाहेरचे, तर मग इथले कोण, असा प्रश्न एर्विनला कधी कधी पडायचा. पण स्वतः पत्र लिहायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याच्या वतीनं ते शेवटी वर्नानं लिहिलं.

तिनं काय काय पाहिलं होतं! काटा उचलण्याचंसुद्धा. एर्विनला वाटलं होतं की पंधरा वर्षांच्या संसारात त्याचं बरं चाललं आहे. तेविसाव्या रस्त्यावरच्या एका तळघरात मीटरच्या आकड्यांच्या चार तबकड्यांवर बॅटरी धरून तो उभा राहिला आणि आकडा लिहायचा विसरला. रुमालाचं तिनं बरोबर लिहिलं होतं. सँडविचेसचंही. दोनच होती, आणि ती त्याला चांगली लागली होती, हे तिनं लिहिलं नव्हतं कारण ते तिला माहीत नव्हतं. त्याआधी इस्पितळातल्या अकरा दिवसांत त्यानं धड काही खाल्लं नव्हतं हेही तिला माहीत नव्हतं.

कारण ते अकरा दिवस वर्ना खाली होती. पोलिओच्या वॉर्डात एका वेळी एकाच पालकाला सोडायचे, तेही पंधरा मिनिटं, तेही काचेबाहेरून. पहिल्या दिवशी वर्ना गेली. काचेपलीकडे रोग्याचा श्वास चालवणारं ते लोखंडी पिंप, त्यातून बाहेर आलेलं मुलाचं, रॉलीचं, डोकं, भात्याचा आवाज. तिला रडू आवरलं नाही. तिला तसं बघून रॉली घाबरला आणि त्याचा श्वास बिघडला. नर्सनं तिला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं आणि एर्विनला म्हणाली, ‘मिस्टर, उद्यापासून तुम्ही या. तुमचं डोकं जागेवर दिसतंय.’ त्यामुळे रोज संध्याकाळी वर्ना खालच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची आणि एर्विन वर जायचा. रॉलीच्या डोक्यावर एक आरसा लावला होता, मोटारीत असतो तसा. त्याला मान वळवता येत नव्हती, तो आरशातून काचेकडे बघायचा. आणि काय बघायचा? बापाचा चेहरा. पिंपाचा आवाज बदलला की बापाकडे, शेजारचं पिंप एका सकाळी रिकामं झालं तेव्हा बापाकडे. घाबरायचं की नाही ते तो तिथून ठरवायचा. ती नजर एर्विननं तात्काळ ओळखली होती, कारण ती त्याची स्वतःची होती. म्हणून त्यानं चेहरा जराही हलू दिला नाही. कपाळ सपाट, ओठ किंचित वर, काय म्हणताय, सगळं ठीक. आयुष्यभराची तालीम तिथे उपयोगी पडली. रॉली बघायचा आणि डोळे मिटायचा. एर्विन खाली यायचा. वर्ना विचारायची, ‘कसा आहे?’ तो म्हणायचा, ‘बरा आहे, झोपला होता.’ अकरा वेळा. बाराव्यांदा जायच्या दिवशी सकाळी त्यांना फोन आला.

आणि मग तो चेहरा काढायचा राहूनच गेला. कधी काढायचा हे कोणी सांगितलं नाही. दफनाला त्यानं आजूबाजूला पाहिलं, सगळे रडत होते, त्याला वाटलं आता आपलंही सुरू होईल. ते अजून सुरू व्हायचं होतं.

आकडा लिहून तो वर आला. ‘छान धुतलेत हो कपडे,’ त्यानं बाईला सांगितलं. बाई म्हणाली, ‘अहो, आज कुठे धुतले, आज शुक्रवार. धुणं सोमवारी.’

उरलेल्या घरांत हिंडताना त्यानं ठरवून टाकलं की वर्नाला हो म्हणायचं. सरळ सांगायचं, की वर्ना, तू ओळखलंस, मी बाहेरचा. तिकडे आम्ही रडत नाही, तिकडची रीत वेगळी आहे. खोटं होतं, पण ते ऐकून ती माफ करणार होती, तसं तिनं छापून दिलं होतं. ती बुधवारी जाईल ती तरी हलक्या मनानं जाईल. आपण तिला यापेक्षा जास्त काही देऊ शकू असं त्याला वाटत नव्हतं. तिकडची रीत काय असते तेही त्यानं रचून ठेवलं, म्हणजे तिनं खोदून विचारलं तर अडायला नको. तिकडे मूल गेलं की माणूस बोलणं थांबवतो. किंवा दुसऱ्यांच्या दारातलं बर्फ काढतो. ते आठवल्यावर त्याला थोडं विचित्र वाटलं आणि तो पुढच्या घराकडे वळला.

दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ती दोघं कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेला मासा खायला जात. लग्न झाल्यापासूनचा नेम. रॉली असताना तिघं जात, तो गेल्यावर तीन शुक्रवार खंड पडला होता आणि चौथ्या शुक्रवारी वर्ना टोपी घालून दारात उभी राहिली होती. आजही ती तशीच उभी होती. बारमध्ये सगळा मोहल्ला होता. पोरं टेबलांखालून पळत होती, कोणीतरी गाण्याच्या पेटीत नाणं टाकून नाचाची एक पोल्का लावली होती. मालकीणबाई लोटीनं विचारायच्या आधीच दोन ताटल्या आणून ठेवल्या. मासा, बटाट्याची थालीपिठं, राय धान्याचा काळपट पाव, कोबीची कोशिंबीर.

‘आज बटाटा खुसखुशीत झालाय, बुब्लिट्झ. गेल्या आठवड्यासारखं तोंड वाकडं करू नका,’ लोटी म्हणाली आणि गेली.

एर्विननं कोटाच्या खिशात हात घातला. पण त्याच्या आधी वर्नानं पर्स उघडली आणि तीन पाकिटं टेबलावर ठेवली.

‘आज पोस्टानं आली,’ ती म्हणाली. ‘माझ्या नावावर. नेब्रास्काहून एक, टेक्ससहून एक, आणि एक इथलंच, रसीनचं. मला वाटलं होतं तो संपादक मला उत्तर पाठवील. त्यासाठी तिकीट जोडलं होतं मी. त्यानं छापलंच! वर्गणीदारांना अंक आधी पोचतो म्हणे. तू वाचलंस?’

‘दुपारी.’

‘मग झालं तर.’ ती कोबीत काटा फिरवत राहिली. ‘नेब्रास्कावाला म्हणतो त्याची बायको डिट्टो तुझ्यासारखी आहे आणि तो सुखात आहे. रसीनची मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला तुला भेटायचंय. तिची आई म्हणे तिला समजून घेत नाही.’

‘आणि टेक्सस?’

वर्नानं तिसरं पाकीट उचललं, कागद काढला, हात लांब करून वाचला. ‘हा लिहितो, बाई, उगाच खुणा शोधत बसू नका. सरळ विचारा, तू कुठला? ती माणसं बाकी सगळं करतात, पण सरळ विचारलं तर त्यांना खोटं बोलता येत नाही.’ तिनं कागद घडी करून परत आत घातला. ‘मोठा शहाणा. पण मला पटलं. पंधरा वर्षांत मी तुला सरळ काही विचारलंच नाही.’

‘वर्ना, इथे नको, घरी—’

‘घरी मला धीर होणार नाही.’ तिनं काटा खाली ठेवला. तिचे हात कपडे धुऊन धुऊन लाल झालेले होते. ‘एर्विन, तू कुठला?’

उत्तर तयार होतं. दुपारभर घोकलेलं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला ऐकू आलं ते असं, ‘शबॉयगनचा.’

‘काय?’

‘शबॉयगनचा. आठव्या रस्त्यावरचा. वडील खुर्च्यांच्या कारखान्यात होते. तुला माहीत आहे, वर्ना. मी इथलाच आहे.’

वर्नानं मान हलवली. तिचा चेहरा असा झाला की जणू घरात शिरल्या शिरल्या तिला कळलं की दिवसभर वाटत होतं तसं गॅसचं बटण खरंच उघडं राहिलंय. ‘मला वाटत होतंच,’ ती म्हणाली. ‘तू हो म्हणाला असतास तर किती बरं झालं असतं. मी तुला माफ करून उठून गेले असते. बॅग भरून झाली आहे.’

‘मी हो म्हणणार होतो.’

‘मग का नाही म्हणालास?’

‘माहीत नाही.’

‘आणि तेव्हा का नाही रडलास? तेही माहीत नसेल.’

एर्विननं माशाकडे पाहिलं. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज मीटरचे आकडे वाचताना असायचा तसाच होता. ‘त्याच्या डोक्यावर आरसा होता. त्यातून तो माझ्याकडे बघायचा. घाबरायचं की नाही ते माझ्या तोंडावरून ठरवायचा. म्हणून मी तोंड तसंच ठेवलं. रोज. नंतर ते निघेना.’

‘कसला आरसा?’

‘पिंपाला असतो. मोटारीसारखा. पहिल्या दिवशी तू पाहिला नसशील.’

‘तो जागा असायचा?’

‘हो.’

‘तू म्हणायचास झोपला होता. बरा आहे, झोपला होता. रोज म्हणायचास.’ वर्नाचा आवाज वर चढला. ‘बोलायचा?’

‘पिंप श्वास बाहेर सोडायचं तेव्हा एखादा शब्द. ओठांवरून कळायचं.’

‘माझा मुलगा बोलत होता आणि मी खाली बाकावर बसले होते! बरा आहे म्हणे! अकरा दिवस! दोन वर्षं! एकाच घरात, एकाच टेबलावर, आणि तू ते सगळं एकट्यानं गिळून बसलास?’ तिनं टेबलावर मूठ आपटली. काटा खाली पडला. ‘कोण समजतोस तू स्वतःला? तो काय तुझ्या एकट्याचा होता?’

पोल्का संपली होती. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक थांबले, एका म्हाताऱ्यानं पाव तोंडाजवळ तसाच धरला. बुब्लिट्झांना या मोहल्ल्यात कोणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. एर्विनचे कान तापले. तिचं बरोबर होतं. ते अकरा दिवस त्यानं तिच्याकडून चोरले होते, आणि चोरले आहेत हे त्याला आत्तापर्यंत माहीत नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि ती अगदी स्पष्ट, कोणाकडे न बघता वाटली.

लोटी हात पुसत आली. ‘काय झालं, वर्ना? मासा नीट नाही का?’

‘मासा ठीक आहे,’ वर्ना म्हणाली. ती रडत होती आणि तिनं ते पुसलं नाही. ‘आम्ही भांडतोय. दुसरा काटा दे मला.’

लोटीनं काटा आणून दिला. वर्ना खुर्ची पुढे ओढून बसली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

‘तू वर गेलास त्या पहिल्या दिवसापासून सांग,’ ती म्हणाली. ‘तो काय काय म्हणाला ते सगळं. एकही दिवस गाळलास तर बघ.’

‘पहिल्या दिवशी,’ एर्विन म्हणाला, ‘त्यानं तू कुठे आहेस ते विचारलं.’